भावंडाचे आगमन आणि बालखेळ

कुटुंबात दुसऱ्या बाळाचा जन्म होण्याच्या सुमारास मोठ्या मुलाला, विशेषतः दीड ते सहा वर्षे वयाच्या मुलाला, बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेता यावे यासाठी खेळाचा उपयोग केला जातो. बालमानसशास्त्र, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पालकत्व या तिन्ही क्षेत्रांत या विषयाचा विचार झालेला आहे. बाहुलीचे संगोपन, भातुकली, चित्रे काढणे, दवाखान्याचा खेळ आणि जन्मानंतर बाळासोबत खेळले जाणारे साधे खेळ यांचा त्यात समावेश होतो. अशा खेळाचा हेतू मुलाकडून बाळाविषयी प्रेम वदवून घेणे हा नसतो. कुतूहल, आनंद, राग आणि भीती या एकाच वेळी येणाऱ्या भावना मुलाला सुरक्षितपणे व्यक्त करता याव्यात आणि कुटुंबातील नव्या स्थानाचा सराव करता यावा, हा त्यामागील मुख्य विचार आहे.

## पार्श्वभूमी

पहिल्या मुलाच्या दृष्टीने भावंडाचा जन्म ही एकच घटना नसून अनेक बदलांची मालिका असते. गर्भारपणाच्या अखेरीस आई पूर्वीसारखी उचलून घेत नाही. प्रसूतीच्या वेळी ती काही दिवस घराबाहेर राहते. मुलाची झोपण्याची जागा बदलते आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष बाळाकडे जाते. यांपैकी कोणताही बदल मुलाने मागितलेला नसतो आणि तो थांबवणेही त्याच्या हाती नसते.

मराठी कुटुंबांत या बदलाचे प्रतिबिंब भाषेतही दिसते. कालपर्यंत ‘बाळ’, ‘छकुली’ किंवा ‘पिल्लू’ म्हणून हाक मारली जाणारी व्यक्ती एका दिवसात ‘दादा’ किंवा ‘ताई’ होते. धाकट्या भावंडाला ‘पाठीवरचे भावंड’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले जात असले, तरी तीन वर्षांच्या मुलाला त्यातून कडेवर घेतले जाण्याचा किंवा हट्ट करण्याचा हक्क संपल्याची सूचना मिळू शकते.

या काळात काही मुले आधी आत्मसात केलेली कौशल्ये तात्पुरती सोडून देतात. अंथरूण ओले करणे, बोबडे बोलणे, बाटलीने दूध मागणे, भरवण्याचा हट्ट धरणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. मानसशास्त्रात यास ‘प्रतिगमन’ म्हणतात. काही मुले बाळाला चिमटा काढतात, काही आईवर रुसतात, तर काही अनपेक्षितपणे अधिक स्वावलंबी होतात. एकाच मुलात या सर्व प्रतिक्रिया आलटून पालटून दिसू शकतात.

## संशोधनाचा इतिहास

ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी पहिल्या मुलाच्या या अनुभवाची तुलना पदच्युत झालेल्या राजाशी केली. जन्मक्रमाचा व्यक्तिमत्त्वावर कायमचा परिणाम होतो, हे त्यांचे प्रतिपादन दीर्घकाळ लोकप्रिय होते. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या नमुन्यांवरील अभ्यासांत असा परिणाम अत्यल्प असल्याचे आढळले.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘छोटा हान्स’ या रुग्णवृत्तांतात, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील बहिणीच्या जन्माला महत्त्वाचे स्थान आहे. १९१७ मधील एका निबंधात त्यांनी जर्मन कवी गटे यांच्या आत्मचरित्रातील बालपणीच्या आठवणीचे विवेचन केले. लहानग्या गटे यांनी प्रथम आपली खेळण्यातील आणि नंतर घरातील मातीची भांडी खिडकीतून रस्त्यावर फेकली होती. नव्या भावंडाला घराबाहेर घालवण्याची इच्छा या कृतीतून व्यक्त झाली असावी, असे फ्रॉइड यांनी मांडले. एका आठवणीवर आधारलेला हा अर्थ पडताळून पाहता येत नाही. तथापि मुलाचा खेळ त्याच्या मनातील भावंडाविषयी काही सांगत असतो, ही कल्पना त्यामुळे रूढ होण्यास मदत झाली.

अमेरिकन मनोचिकित्सक डेव्हिड लेव्ही यांनी बाहुल्यांच्या खेळाचा पद्धतशीर उपयोग केला. आई, तान्हे बाळ आणि मोठे मूल अशा बाहुल्या मांडून, आई बाळाला पाजत असल्याचे दृश्य ते उभे करीत आणि मोठे मूल आता काय करील, असे खेळणाऱ्या मुलाला विचारीत. या निरीक्षणांवरील त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक मुले बाळ-बाहुलीवर हल्ला करीत आणि त्यानंतर ती दुरुस्त करण्याचा किंवा पुन्हा जागेवर ठेवण्याचा प्रयत्न करीत.

घरगुती वातावरणातील निरीक्षणांना ब्रिटिश संशोधक ज्यूडी डन आणि कॅरोल केन्ड्रिक यांच्या कार्यामुळे चालना मिळाली. त्यांनी केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांचा दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून पाठपुरावा केला. त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रकाशित झाला. बाळाच्या जन्मानंतर आई आणि पहिले मूल यांच्यातील एकत्र खेळ कमी होतो व संघर्षाचे प्रसंग वाढतात, असे त्यांना आढळले. ज्या घरांत आई बाळाविषयी ‘त्याला भूक लागली असेल का?’ अशा प्रकारे, म्हणजे स्वतःच्या इच्छा आणि भावना असलेली एक व्यक्ती म्हणून बोलत असे, त्या घरांतील मोठी मुले पुढील काळात बाळाशी अधिक मैत्रीने वागत.

लॉरी क्रेमर आणि जॉन गॉटमन यांच्या १९९२ मधील अभ्यासाने खेळाचा या विषयाशी असलेला संबंध अधिक स्पष्ट केला. भावंड येण्यापूर्वी जी मुले आपल्या जिवलग मित्राबरोबर चांगल्या प्रकारे कल्पनाखेळ खेळू शकत आणि खेळातील भांडणे मिटवू शकत, त्यांचे भावंडाशी असलेले नाते नंतर अधिक सलोख्याचे असल्याचे त्यांना दिसून आले. मिशिगन विद्यापीठातील ब्रेन्डा व्होलिंग यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात २४१ कुटुंबांचे गर्भारपणाच्या अखेरीपासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत निरीक्षण केले गेले. बहुसंख्य मुले या बदलाशी फारशा अडचणीविना जुळवून घेतात आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या समस्या थोड्याच मुलांत आढळतात, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. भावंडाचा जन्म म्हणजे प्रत्येक मुलावर येणारे संकटच, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

## खेळाचे कार्य

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण दोन ते सात वर्षांच्या काळात मूल प्रतीकांच्या साह्याने विचार करू लागते. उशी बाळ होते, चमचा दुधाची बाटली होते आणि खुर्ची दवाखान्यात जाणारी रिक्षा होते. ज्या अनुभवासाठी मुलाजवळ अद्याप शब्द नसतात, तो त्याला अशा रीतीने मांडता येतो.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मधील खेळविषयक व्याख्यानात जेम्स सली यांनी नोंदवलेले एक उदाहरण दिले आहे. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींनी ‘आपण बहिणी-बहिणी खेळू या’ असे ठरवले. एरवी सहज वागणाऱ्या त्या मुली खेळात मात्र सारखे कपडे घालणे, हात धरून चालणे असे ‘बहिणींचे नियम’ जाणीवपूर्वक पाळू लागल्या. प्रत्यक्ष जीवनात लक्षात न येणारे नाते खेळात नियमाच्या रूपाने मुलापुढे उभे राहते, असे वायगॉट्स्की यांचे प्रतिपादन आहे. ताई किंवा दादा होणे म्हणजे काय, हे मुलाला उपदेशापेक्षा खेळातून अधिक चांगले उमगते, या मताला त्यातून आधार मिळतो.

व्यवहारात खेळाची तीन कार्ये सांगता येतात. पहिले कार्य घटना समजून घेण्याचे आहे. आई कोठे गेली, कधी परत येणार, बाळ एवढे का रडते, या प्रश्नांची उत्तरे मूल तोच खेळ पुनःपुन्हा खेळून पक्की करते. दुसरे कार्य भावना व्यक्त करण्याचे आहे. बाहुलीवर रागावल्याने कोणाला इजा होत नाही आणि खेळ संपला की तो रागही मागे ठेवता येतो. तिसरे कार्य नियंत्रणाचे आहे. घरातील सर्व निर्णय मोठी माणसे घेत असताना, बाहुली कधी झोपेल आणि कधी जेवेल हे मात्र मूल ठरवते.

## खेळांचे स्वरूप

### जन्मापूर्वी

अगदी लहान मुलांना कालावधीचा अंदाज नसतो. ‘चार महिन्यांनी’ असे सांगण्यापेक्षा परिचित सण, ऋतू किंवा वाढदिवस यांच्याशी सांगड घातलेली वेळ त्यांना अधिक कळते. या काळात पुढील खेळ उपयुक्त मानले जातात.

- बाहुलीचे संगोपन: बाहुलीला दुपट्यात गुंडाळणे, मानेखाली हात धरून उचलणे, लंगोट बदलणे, थोपटणे. यासाठी महागडी बाहुली लागत नाही. जुन्या कापडाची चिंध्यांची बाहुलीही पुरेशी असते. मुलगे आणि मुली दोघांनाही हा खेळ तितकाच उपयोगी असतो.
- दवाखान्याचा खेळ: बॅग भरणे, आईला पोहोचवणे, आजीजवळ राहणे, फोनवर बोलणे आणि आई घरी परतणे. प्रत्येक वेळी आई परत येण्यावर खेळ संपल्यास वियोगाची भीती कमी होण्यास मदत होते.
- मुलाच्या स्वतःच्या जन्माची गोष्ट: त्याची तान्हेपणीची छायाचित्रे, झबली आणि कुंची काढून ‘तू एवढासा होतास’ ही गोष्ट अभिनयासह सांगणे. आपलेही असेच लाड झाले होते, याचा मुलाला प्रत्यय येतो.
- जागेची मांडणी: बाळासाठीचे कपडे घडी करणे, पाळण्याजवळ लावण्यासाठी चित्र काढणे.

बाळ आल्यावर लगेच खेळायला सोबती मिळेल, असे मुलाला सांगितल्यास त्याचा अपेक्षाभंग होतो. कारण नवजात बाळ दिवसाचा बहुतांश वेळ झोपते, रडते किंवा दूध पिते. बाहुलीच्या खेळातच ‘हे बाळ अजून बोलत नाही, चेंडू टाकत नाही’ असे सूचित करता येते.

### जन्मानंतरचे पहिले आठवडे

डन व केन्ड्रिक यांच्या निरीक्षणानुसार, आई बाळाला पाजत असताना मोठे मूल लक्ष वेधून घेण्याचा अधिक प्रयत्न करते. पाजण्यापूर्वीच मुलासाठी खेळणी, पुस्तक किंवा खाऊ हाताशी ठेवल्यास हा ताण कमी होतो. केवळ त्या वेळी काढायची खेळण्यांची टोपली, शेजारी बसून बाहुलीला पाजण्याचा खेळ आणि एका हाताने खेळता येतील असे कोडी घालण्याचे किंवा वस्तू ओळखण्याचे खेळ यासाठी योजले जातात.

दररोज दहा-पंधरा मिनिटे केवळ मोठ्या मुलासोबत, त्याने निवडलेला खेळ खेळणे, हा उपाय पालकत्वविषयक मार्गदर्शनात वारंवार सुचवला जातो. या वेळेत बाळाचा विषय मुलाने काढला तरच बोलावा, वर्तनाविषयी उपदेश करू नये आणि खेळाचे नेतृत्व मुलाकडे असावे, अशी अपेक्षा असते. वडील, आजी-आजोबा किंवा मावशी यांच्याशी असलेले खेळाचे नाते या काळात मुलाला मोठा आधार देते.

प्रतिगमन दिसल्यास तेही खेळात सामावून घेता येते. बाळासारखे दुपट्यात गुंडाळून घेण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलाला ‘माझे मोठे बाळ’ म्हणून काही मिनिटे जोजवल्यास ते बहुधा स्वतःच कंटाळून उठते. हीच मागणी ‘लहान आहेस का आता?’ असे म्हणून धुडकावल्यास ती वाढण्याची शक्यता असते.

### बाळासोबतचा खेळ

बाळाच्या वाढीनुसार मोठ्या मुलाला त्याच्याशी खेळण्याच्या नव्या संधी मिळतात.

- पहिला महिना: नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरील गोष्टी सर्वांत स्पष्ट दिसतात आणि चेहऱ्याकडे ते विशेष लक्ष देते. मोठ्या मुलाने जवळ बसून चेहरा दाखवणे, बोलणे, गुणगुणणे शक्य असते. तळहातावर बोट ठेवताच बाळ ते पकडते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असली, तरी मोठ्या मुलाला ती पहिली ओळख वाटते.
- दोन ते चार महिने: सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी बाळ चेहऱ्याला प्रतिसाद म्हणून हसू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास खळखळून हसते. बाळाला हसवणे हा मोठ्या मुलाच्या यशाचा ठळक अनुभव ठरतो. खुळखुळा वाजवणे व तोंडे करणे त्यासाठी पुरेसे असते.
- पाच ते आठ महिने: ‘बुवा-कुक’, टाळ्या वाजवणे, आरशात पाहणे. बाळ बसू लागल्यावर चेंडू हळूच घरंगळवता येतो.
- आठ महिन्यांनंतर: बाळ रांगू लागते आणि मोठ्या मुलाच्या खेळात शिरते. रचलेले ठोकळे पाडले जातात, चित्रे फाडली जातात. संघर्षाचा दुसरा टप्पा येथे सुरू होतो. मोठ्या मुलासाठी बाळाचा हात पोहोचणार नाही अशी जागा राखून ठेवणे आणि काही खेळणी फक्त त्याचीच असल्याचे मान्य करणे या टप्प्यात महत्त्वाचे असते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

मराठी मुलांच्या पारंपरिक खेळांत भातुकलीला प्रमुख स्थान आहे. छोटी चूल, पातेली, पोळपाट-लाटणे, जाते अशा भांड्यांनी मांडलेल्या या संसारात बाहुलीचे बाळंतपण, बारसे आणि लग्न ही कथानके पूर्वीपासून खेळली जात आली आहेत. सावंतवाडी येथे तयार होणाऱ्या रंगीत लाकडी खेळण्यांत भातुकलीच्या भांड्यांचा समावेश असतो. ‘ठकी’ नावाची लाकडी बाहुलीही पूर्वी घरोघरी परिचित होती.

बारशाच्या विधीत खेळाशी साम्य असलेला एक घटक आढळतो. अनेक घरांत वरवंट्याला कुंची किंवा कापड गुंडाळून त्यास ‘गोप्या’ म्हटले जाते आणि त्याची पाळण्याच्या वरून-खालून देवाणघेवाण केली जाते. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असला, तरी गोप्याला पाळण्यात ठेवणे, घुगऱ्या वाटणे किंवा पाळण्याची दोरी हलकेच धरणे अशा कामांत मोठ्या भावंडाला सहभागी करून घेता येते. विधीनंतर घरातील मुले बाहुलीचे बारसे करताना दिसतात, तेव्हा ती या अनुभवाचाच पुनरुच्चार करीत असतात.

बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या प्रथेमुळे मोठे मूल आईबरोबर आजोळी जाते किंवा वडील व आजी-आजोबांपाशी मागे राहते. पहिल्या पर्यायात बालवाडी आणि सवंगडी सुटतात, तर दुसऱ्यात आई दुरावते. सोयर पाळणाऱ्या घरांत, तसेच बाळ-बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीच्या काळात, मुलाला खोलीबाहेर ठेवले जाण्याचीही शक्यता असते. दारातून बाळाला चित्र दाखवणे, आईला ‘निरोप’ पाठवणे किंवा फोनवरून गोष्ट ऐकणे असे खेळ या काळात दुवा म्हणून उपयोगी पडतात.

ग्रामीण आणि श्रमिक कुटुंबांत मोठ्या भावंडाचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. आई-वडील मजुरीला गेल्यावर धाकट्या मुलांना सांभाळण्याची जबाबदारी सात-आठ वर्षांच्या मुलांवर, बहुधा मुलींवर पडते आणि त्यांचा खेळ व शाळा दोन्ही सुटतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे नेलेले बालशिक्षणाचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथील ‘विकासवाडी’ प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या, जेणेकरून कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलांनाही शिकता व खेळता यावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांमुळेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घराबाहेर खेळाची जागा मिळाली.

## सुरक्षितता

पाच-सहा वर्षांखालील मुलाला बाळाजवळ एकटे सोडू नये, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. मुलाचा हेतू वाईट नसतानाही जोरात मिठी मारणे, बाळाच्या तोंडात खाऊ घालणे किंवा झोळी अथवा पाळणा वेगाने हलवणे धोकादायक ठरू शकते. बाळाला मांडीवर देताना मोठ्या मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मध्यभागी बसवावे, हाताखाली उशी द्यावी आणि प्रौढ व्यक्तीने बाळाच्या मानेला आधार द्यावा. बाळाच्या टाळूवर दाब येणार नाही, याची काळजी घ्यावी. स्पर्शापूर्वी हात धुण्याची कृती खेळाचा भाग करता येते; सर्दी-खोकला असल्यास दुरून खेळणे योग्य ठरते. सुमारे ३ सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू, मणी, बटणे आणि भातुकलीतील बारीक भांडी बाळ रांगू लागण्यापूर्वीच वेगळी ठेवणे आवश्यक असते.

मुलाने बाळाला मारल्यास कृती ताबडतोब थांबवावी, परंतु भावनेला नाव द्यावे, असे मार्गदर्शक सुचवतात: ‘बाळाला मारायचे नाही. तुला राग आला आहे, तर उशीला मार किंवा मला सांग.’

## मर्यादा आणि आक्षेप

खेळ हा सर्व अडचणींवरील उपाय नाही. झोप, भूक किंवा बोलण्यातील बदल अनेक आठवडे टिकल्यास, मूल सतत उदास राहिल्यास अथवा स्वतःला वा बाळाला वारंवार इजा करू लागल्यास बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घेणे इष्ट असते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास किंवा दगावल्यास मोठ्या मुलाला विशेष आधाराची गरज असते. या वयातील मुलांना आपल्या मनातील रागामुळेच असे घडले, असे वाटू शकते. त्यामुळे ‘यात तुझी काही चूक नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक मानले जाते. केवळ खेळावर विसंबणे अशा वेळी पुरेसे नसते.

खेळातील एखाद्या कृतीवरून घाईने अर्थ काढणे, हाही एक आक्षेपाचा मुद्दा आहे. बाहुली कपाटात कोंबणारे मूल बाळाचा द्वेष करतेच असे नाही; ते केवळ कपाटाचा खेळ खेळत असू शकते. त्याचप्रमाणे बाहुलीला मारल्याबद्दल शिक्षा झाल्यास मूल खेळातूनही मन मोकळे करणे थांबवते.

मदत आणि खेळ यांतील सीमारेषा हा आणखी एक मुद्दा होय. दुपटे आणून देण्याचे काम मुलाला आवडत असेल आणि त्यास नकार देता येत असेल, तोवर तो खेळ असतो. तेच काम सक्तीचे झाल्यास त्याचे ओझे होते. मुलींकडून अशा मदतीची अपेक्षा अधिक केली जाते, तर मुलग्यांच्या हातातील बाहुलीची थट्टा होते. बाळ येण्यापूर्वी मोठ्या मुलीला ‘तुला भाऊच हवा ना?’ असे विचारणे हेही मुलाला कमी-अधिक मोलाची जाणीव करून देणारे असल्यामुळे टाळावे, असे मत मांडले जाते.

भावंडांचे नाते काही आठवड्यांत घडत नाही. पहिल्या वर्षातील मत्सर पुढील वैराचे लक्षण ठरत नाही, तसेच सुरुवातीचे कौतुक पुढील सलोख्याची हमीही देत नाही. मोठ्या मुलाला आपले स्थान शाबूत असल्याची खात्री पटल्यानंतर, बाळासाठी मांडलेला खेळ हळूहळू बाळासोबतचा खेळ होतो.